पाणी पोहोचवणारा पोरगा



सायकलची शर्यत म्हणजे ज्याच्या पायात जोर तो जिंकणार, असं आपल्याला वाटतं. पण रस्त्यावरच्या मोठ्या शर्यती संघाने लढवल्या जातात. वेग वाढला की खरा शत्रू असतो वारा. पुढच्या सायकलस्वाराच्या अगदी मागे राहिलं की मागच्याला बरीच कमी ताकद लागते. म्हणून संघातले इतर जण आळीपाळीने वारा अंगावर घेतात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात आणि कप्तानाला शेवटच्या चढासाठी ताजातवाना ठेवतात. इटलीत अशा मदतनिसाला ‘ग्रेगारिओ’ म्हणतात. आज अशाच एका ग्रेगारिओची गोष्ट.

फाउस्तो कोप्पी १९१९ साली कास्तेल्लानिया नावाच्या डोंगरातल्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो नोवी लिगुरे गावी खाटकाच्या दुकानात लागला. सायकलवरून घरोघरी माल पोहोचवायचा. आपल्या कमरीपेठेच्या गल्ल्यांतून सकाळी दूध-पेपर टाकणारी मुलं दिसतात ना, तसाच एक. जहाजावर नोकरीला असलेल्या काकांनी पैसे दिले, तेव्हा शर्यतीची सायकल आली. पंधराव्या वर्षी पहिली शर्यत जिंकली. बक्षीस काय, तर २० लिरा आणि एक सँडविच!

नोवी लिगुरेतच त्याची गाठ बियाजिओ काव्हान्ना यांच्याशी पडली. दृष्टी गमावलेले हे गृहस्थ मालिश करत आणि सायकलपटू घडवत. या काडीपैलवानात काय दडलंय, ते त्यांनी ओळखलं. १९४० मध्ये कोप्पी ‘लेन्यानो’ या व्यावसायिक संघात आला. काम ठरलेलं होतं. संघाचा कप्तान जिनो बार्ताली याला मदत करायची. बार्तालीने तोवर इटलीची सर्वांत मोठी शर्यत, जिरो, दोनदा जिंकली होती.

त्या वर्षीच्या जिरोत दुसऱ्याच टप्प्यात बार्तालीच्या सायकलला कुत्रं आडवं आलं. तो पडला, जखमी झाला, मागे राहिला. पुढे फ्लोरेन्स ते मोदेना या टप्प्यात, भर पावसात, कोप्पी एकटा सुटला आणि आघाडीवाल्याची गुलाबी जर्सी घेऊन आला.

आता कप्तानाने काय करावं? बार्ताली मदतनीस झाला. डोलोमाइटच्या चढांवर कोप्पीचा धीर सुटला, तेव्हा त्यानेच त्याला पुढे रेटलं. ९ जूनला कोप्पी जिंकला. वय वर्षं २०. दुसऱ्याच दिवशी इटली महायुद्धात उतरली. १९४५ पर्यंत जिरो भरलीच नाही आणि १९४३ मध्ये कोप्पी ब्रिटिशांच्या कैदेत सापडला. तरीही पुढे त्याने आणखी चार जिरो जिंकल्या आणि दोनदा ‘तूर द फ्रान्स’.

बार्तालीला हे सोपं गेलं नसणार. नंतर दोघे कट्टर प्रतिस्पर्धी झाले. पण त्या जूनमध्ये त्याने वारा अंगावर घेतला, हे खरं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही नवा मुलगा आधी दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका निस्तरत शिकतो. त्यात कमीपणा नाही. फक्त त्याची वेळ आली की पुढच्याने बाजूला व्हायला हवं.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी तीच मुलं खुर्च्या मांडतात, बॅनर बांधतात, पाण्याचे ग्लास फिरवतात. यंदा माईक त्यांच्या हाती देऊया का? खुर्च्या आपण मांडू.