धूर खरा हवा

परवा भाच्याने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. २०२३ साली सुरू झालेली केवडियाची हेरिटेज गाडी. पुढे काळंकुळकुळीत इंजिन, धूर, शिट्टी, सगळा थाट. "मामा, बघ, तुझं कोळशाचं इंजिन!" मी खूश. मग कळलं की आत इंजिन विजेचं आहे, वाफेचं फक्त रूप. म्हणाला, "काय फरक पडतो? दिसतंय तर तसंच."

फरक पडतो रे बाबा!

आमच्या औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर, पण तेव्हा औरंगाबादच) १९०० साली निजामाच्या राज्यात मीटरगेज आली. ब्रॉडगेज थेट नव्वदच्या दशकात. लहानपणी मनमाडला जाताना खिडकीसाठी भांडायचं, डोळ्यात कोळशाचा कण घालून घ्यायचा, मग आई पदराचा बोळा फुंकून डोळा शेकायची. गल्लीत एक काका फायरमन होते. म्हणायचे, "कोळसा कोणीही टाकेल, लक्ष पाण्यावर पाहिजे." बॉयलरमधलं पाणी फायरबॉक्सच्या छताखाली गेलं की छत तापून खचतं, आणि मग बॉयलर फुटू शकतो. हे ज्ञान रंगरंगोटीत कुठून येणार?

जुनं इंजिन खरंच चालतं करायचं म्हणजे बॉयलरच्या गंजलेल्या नळ्या काढून नव्या बसवायच्या आणि आधी नुसतं पाणी भरून, नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन तो तपासायचा. पाणीच का? तर कुठे फाटलंच तर पाणी गळतं, वाफ मात्र माणसं मारते.

आणि हे आपल्याकडे झालेलं आहे. १८५५ साली लीड्समध्ये बनलेली 'फेअरी क्वीन' १९०९ मध्ये निवृत्त झाली होती. पेरांबूरच्या वर्कशॉपने ती दुरुस्त केली आणि १९९७ मध्ये ती पुन्हा धावली. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने तर उटीच्या गाडीसाठी २०११ पासून वाफेची नवी कोरी इंजिनं बांधली. म्हणजे हात आहेत अजून.

मेहुण्यांचं म्हणणं, एवढा पैसा कशाला? सगळी इंजिनं चालवा असं मीही म्हणत नाही. पण चौथऱ्यावर उभी करून दरवर्षी रंगवायची दहा इंजिनं कमी करा आणि एक चालवा. चालवलं तर एखादा तरुण फिटर नळी बसवायला शिकेल, फायरमन पाण्याकडे बघायला शिकेल. आमचे काका गेल्या वर्षी गेले. त्यांना विचारायच्या निम्म्या गोष्टी राहूनच गेल्या, चूक माझीच.

असो. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये न्यायचं ठरवलंय. तिथे खरी वाफेची इंजिनं जतन केली आहेत. ताईची परवानगी अजून मिळायची आहे (ताई, वाचते आहेस ना?). आणखी कुणाला यायचं असेल तर कळवा, तिकिटं काढायची आहेत.