चिनी पडदा आणि सोलापूरचा उंबरठा

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे हिंजवडीच्या संगणक उद्योगनगरीला खेटून वसलेले गाव. शेतांच्या जागी तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत. मुलगा-सून सकाळी कामावर निघून जातात आणि गावाकडची पेढी किंवा दुकान आवरून आलेले आईवडील दिवसभर घरात उरतात, असे चित्र त्यांतील पुष्कळ घरांत दिसते. हिंदीत डब केलेल्या चिनी मालिका अलीकडे मोबाइलवर सहज मिळतात. त्यांतील पात्रांची नावे ध्यानात राहत नाहीत. गुंता मात्र दुभाष्यावाचून कळतो. विवाहाला वडीलधाऱ्यांचा होकार हवा, घराण्याचा व्यवसाय मुलाने पुढे न्यावा, आणि उतारवयात कोणाकडे राहावे हा प्रश्न शक्यतो कोणी उघड विचारू नये, ही रीत तिकडेही आहे.

चीनमध्ये या गुंत्याला राज्याच्या धोरणाचाही पीळ बसला. १९८०च्या सुमारास लागू झालेले एका अपत्याचे धोरण २०१५ साली संपवण्याचा निर्णय झाला. तोवर एका पिढीतील कित्येक एकुलत्या मुलांवर आईवडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, अशा सहा जणांची भिस्त येऊन ठेपली होती. २०१३ साली तर मुलांनी वृद्ध आईवडिलांना वेळोवेळी भेटलेच पाहिजे, असे कायद्यात लिहावे लागले. भारतातही ज्येष्ठांच्या चरितार्थासाठी २००७ साली कायदा झाला, तेव्हा या बाबतीत कोणी कोणाला हसण्याचे कारण नाही.

तैवानचे दिग्दर्शक अँग ली यांच्या १९९१ सालच्या ‘पुशिंग हँड्स’ या चित्रपटात ही कोंडी फार संयमाने मांडली आहे. ताई-ची शिकवणारे एक निवृत्त गुरू बीजिंगहून अमेरिकेत मुलाच्या घरी येतात. सून अमेरिकन आणि लेखिका. दिवसभर एका छपराखाली दोघेच. सामाईक भाषा नाही. कोणी दुष्ट नाही, कोणी कोणाचा अपमान करत नाही, आणि तरीही घर सर्वांना अपुरे पडू लागते. अखेरीस वडील स्वतःच वेगळे राहू लागतात. त्याच दिग्दर्शकाच्या १९९४ सालच्या ‘ईट ड्रिंक मॅन वुमन’मध्ये तैपेईतील एक नामांकित आचारी दर रविवारी तीन मुलींसाठी भरगच्च पाने मांडतो, कारण मनातले बोलणे त्याला जमत नाही. (त्यातील स्वयंपाकघराची दृश्ये या मासिकाच्या बहुतेक वाचकांना पाहवणार नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे.)

परंतु चिनी पडद्याशी एका मराठी घराचे नाते याच्याही पुष्कळ आधीचे आहे, आणि ते कल्पित नाही. वालचंद हिराचंदांमुळे व्यापारी कुटुंबांना जवळच्या वाटणाऱ्या सोलापुरातच द्वारकानाथ कोटणीस यांचा १९१० साली जन्म झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात ते होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पथकातील प्रत्येकाने चिनी नावाच्या शेवटी चीनवाचक ‘हुआ’ हे अक्षर जोडून घेतले. कोटणीस झाले ‘के दिहुआ’.

चीनमध्ये असतानाच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. अशा वेळी मुलाने घरी परतावे, ही तेव्हाच्या कोणत्याही मराठी घराची साधी अपेक्षा. कोटणीस परतले नाहीत. पथकातील बहुतेक डॉक्टर एकेक करून मायदेशी आले, तरीही ते तेथेच राहिले. त्यांच्या सेवेचे गुणगान दोन्ही देशांत पुष्कळ झाले आहे. सोलापूरच्या घरात त्या दिवसांत काय झाले असेल, याचा विचार मात्र क्वचितच होतो. युद्धकाळात टपालाचा भरवसा नव्हता. १९४१ साली त्यांनी क्वो छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या तरुणीशी विवाह केला. आईला न दिसलेली, तिची भाषा न जाणणारी सून घरात आली, आणि घर मात्र हजारो मैल दूर! ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले; ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टरांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस.

चारच वर्षांनी व्ही. शांतारामांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पडद्यावर आणली. कोल्हापूरच्या या दिग्दर्शकाचे पितृघराणे जैन होते. डॉक्टरांची भूमिका त्यांनी स्वतः केली आणि पत्नीची त्यांच्या पत्नी जयश्री यांनी. चित्रपटाच्या शेवटी मरणासन्न डॉक्टर पत्नीला आपल्या घरची वाट समजावून सांगतात, आणि त्यांच्या शब्दांमागोमाग ती मुलाला घेऊन सोलापूरच्या दाराशी पोहोचते. सासू, उंबरठा, स्वागत, सारे तेथे आहे. प्रेक्षकांचे डोळे पाणावणारा हा शेवट निव्वळ कवीचे औदार्य होते. प्रत्यक्षात ती माता तान्ह्या मुलासह युद्धग्रस्त चीनमध्येच राहिली. दिग्दर्शकाला हे ठाऊक नसेल असे नव्हे. पण घरी वाट पाहणाऱ्यांना पडद्यावर तरी सून भेटावी, असे त्याला वाटले असावे. १९८२ साली चीनमध्येही डॉक्टरांच्या जीवनावर चित्रपट निघाला. एकाच मुलाची कथा दोन देशांनी आपापल्या भाषेत सांगितली.

यिनहुआही वैद्यकशास्त्र शिकू लागला. परंतु १९६७ साली, शिक्षण पुरे होण्याआधीच, तो गेला. पती आणि पुत्र दोघेही गमावलेल्या छिंगलान यांनी सासरचा धागा तुटू दिला नाही. पुढील आयुष्यात त्या अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबीयांना भेटल्या. भारतात येणारे चिनी नेतेही मुंबईला डॉक्टरांच्या बहिणींची आवर्जून भेट घेत असत. त्या भेटींत दुभाषी लागत असे, आणि तरीही ती नात्याचीच भेट असे.

जून २०१२मध्ये छिंगलान यांचे तालियन येथे निधन झाले. शांतारामांनी ज्या दाराशी त्यांना १९४६ सालीच आणून उभे केले होते, ते सोलापूरचे घर आता डॉक्टरांचे स्मारक आहे.