इंजेक्शनसोबत ताटही लिहून द्या

तिर्झेपटाइड मार्च २०२५मध्ये भारतात आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. भोसरी-चाकणच्या कामगारांकडूनही आता या इंजेक्शनांची विचारणा होते. औषधं गुणकारी आहेत, यात शंका नाही. प्रश्न आहे तो भूक मंदावल्यावर पोटात जाणाऱ्या मोजक्या घासांचा.

सेमाग्लुटाइडच्या २०२१च्या प्रसिद्ध चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटलं. त्या रुग्णांना रोज ५०० कॅलरी कमी खायला आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायलाही सांगितलं होतं, हे आपण सोयीने विसरतो. ज्यांच्या शरीराचं स्कॅन झालं, त्यांच्या घटलेल्या वजनात जवळपास ४० टक्के वाटा चरबीचा नव्हता. आपल्या रुग्णांच्या बाबतीत ही काळजीची बाब आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली होती. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. मुळातच स्नायू कमी असलेल्या माणसाचे उरलेसुरले स्नायूही गेले, तर दिवसभर उभं राहून जड काम तो करणार कसा?

म्हणून प्रथिनं आधी. कॅन्टीनच्या ताटात भात-पोळी भरपूर आणि वरण पातळ असेल, तर रुग्णाला उसळीपासून जेवायला सुरुवात करायला सांगा. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम प्रथिनं, मूठभर फुटाणे म्हणजे सहा-सात. मूत्रपिंड ठीक असेल तर वजन घटत असताना किलोमागे १.२ ग्रॅमपर्यंत जायला हरकत नाही. जोडीला स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवाच. तिसऱ्या पाळीतला वडापाव मात्र बंद करा. पोट सावकाश रिकामं होत असताना तळलेलं खाल्लं की मळमळ वाढते.

रुग्ण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेत असेल, तर डोस कमी करण्याचा विचार पहिल्या दिवशीच करा. जेवण निम्म्यावर आलं आणि गोळी तेवढीच राहिली, तर प्रेस मशिनसमोर साखर उतरू शकते. भट्टीजवळ किंवा पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्याला उलट्या-जुलाब झाले, तर पाण्याची कमतरता मूत्रपिंडापर्यंत पोहोचते.

औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचं त्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं. तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी कॅन्टीनच्या ठेकेदारासोबत एकदा बसावं आणि तिन्ही पाळ्यांच्या जेवणात घट्ट उसळ आणि अंडी मिळतील, एवढं तरी या महिन्यात ठरवून घ्यावं.