स्कॅनपूर्वीचा प्रश्न

शरीराचा गमावलेला भाग पुन्हा घडवायचा, तर आधी माप घ्यावे लागते. हे तत्त्व आपल्या मुलुखाला नवे नाही. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्यातील एका शस्त्रक्रियेची हकीकत प्रसिद्ध झाली. कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळावरील त्वचेतून नव्याने घडविले गेले होते. शस्त्रक्रिया करणाऱ्याने मेणाचे पातळ पान नाकाच्या जागी बसवून आकार घेतला, ते सपाट करून कपाळावर ठेवले आणि भोवती रेघ आखून त्वचा सोडविली.

त्या त्वचेचा मूळ रक्तपुरवठा मात्र त्याने भुवयांमध्ये शाबूत ठेवला होता. सूक्ष्मशस्त्रक्रियेत तोच तोडून दूरच्या जागी नव्याने जोडतात. मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया आणि डॉ. बुच यांनी पोटावरील मेद रक्तवाहिन्या जोडून स्थलांतरित केल्याचा वृत्तांत १९७१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरी'त आला. जगातील अशा आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

मेणाच्या पानाच्या जोडीला आता सीटी अँजिओग्राफी आली आहे. तिचे मोल मी कमी लेखत नाही. पायातील फिब्युला हाडाचेच उदाहरण घ्या. जबडा किंवा हाताचे हाड घडविण्यासाठी ते पेरोनिअल धमनीसह काढले जाते. बहुतेकांना ही धमनी गमावणे सोसते. कारण पावलाला रक्त पुरविणाऱ्या टिबियल धमन्या शाबूत असतात. मोजक्या व्यक्तींत मात्र पावलाची भिस्त मुख्यतः पेरोनिअल धमनीवरच असते. तेथे नकाशा न पाहता हाड काढणे म्हणजे जबड्यासाठी पाऊल धोक्यात घालणे. जन्मजात व्यंग असलेल्या अवयवांत तर रक्तवाहिन्यांची रचना पुस्तकाबरहुकूम असेलच असे नाही. अशा ठिकाणी स्कॅन टाळणे ही बचत नव्हे.

तथापि रुग्ण मूल असेल, तेव्हा बालरोगतज्ज्ञाला दुसरी बाजूही मांडणे भाग आहे. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेल्या ब्रिटिश अभ्यासात बालपणीच्या सीटीचा आणि रक्ताच्या व मेंदूच्या कर्करोगाचा संबंध दिसून आला. धोका लहान आहे : दहा वर्षांखालील मुलांच्या डोक्याच्या दहा हजार स्कॅनमागे पुढील दशकात प्रत्येकी सुमारे एक अधिक रुग्ण. हातापायांच्या स्कॅनला हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु वाढत्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात, आणि मुलापुढे आयुष्य मोठे असते. एमआर अँजिओग्राफीत किरणोत्सर्ग नाही. पण तिला वेळ लागतो व लहान मुलाला गुंगी द्यावी लागते. कलर डॉप्लर निर्धोक आहे. मात्र तो करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, मुलाच्या बाबतीत अशा स्कॅनची मागणी प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदाने करावी, आणि मागणीपत्रावर त्याचा प्रश्न लिहिलेला असावा. 'पायाची अँजिओग्राफी' एवढे पुरेसे नाही; 'उजवी पेरोनिअल धमनी काढल्यास पावलाला पुरेसा रक्तपुरवठा उरेल काय?' असे लिहिले, म्हणजे क्ष-किरणतज्ज्ञ नेमका तेवढाच भाग आणि कमीत कमी मात्रेत पाहू शकतो. यंत्रात तुटलेले बोट घेऊन आलेल्या मुलाला तर बहुधा साधा एक्स-रे पुरतो. तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

बडोद्याला उपचारासाठी आसपासच्या तालुक्यांतून मुले येतात. एका ठिकाणी झालेला स्कॅन दुसऱ्या ठिकाणी पुन्हा होतो, तो पुष्कळदा आजारामुळे नव्हे. फिल्मवर निवडक चित्रे असतात आणि शल्यविशारदाला सर्व छेद हवे असतात, म्हणून तो होतो. संपूर्ण तपासणीची सीडी रुग्णासोबत देणे हा आपला नियम असावा. फुकट जाणारी ही दुसरी मात्रा टाळण्यास नवे यंत्र लागत नाही.

पालकांनाही एक विनंती. ती सीडी औषधांच्या कागदांइतकीच जपून ठेवा. आणि "डॉक्टर, या तपासणीने तुमचा निर्णय बदलणार आहे का?" असे विचारण्यास संकोचू नका. ज्या डॉक्टरांनी तपासणी विचारपूर्वक सांगितली आहे, त्यांना या प्रश्नाचे उत्तर देण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.