जीटी मारलेला सिनेमा

"क्लासिक सिनेमाला हात लावू नये" हे वाक्य आपल्या होस्टेलच्या मेसमध्ये महिन्यातून एकदा तरी ऐकू येतंच. कुठल्या तरी जुन्या पिक्चरचा रिमेक येणार अशी बातमी आली, की ताटातली भाजी गार होते आणि चर्चा गरम. एकजण म्हणतो, ह्यांना नवीन काही सुचतच नाही. दुसरा म्हणतो, सगळा पैशाचा खेळ आहे. तिसरा तर थेट कायदाच करायला निघतो. गंमत म्हणजे हे तिघेही 'अशी ही बनवाबनवी'चे कट्टर भक्त असतात. धनंजय माने, लिंबू रंगाची साडी, डायबेटिसचं औषध... सगळं तोंडपाठ. परीक्षेचा सिलॅबस एवढा पाठ असता तर केटी नावाची गोष्ट पृथ्वीतलावर राहिली नसती!

मित्रहो, १९८८ सालचा 'बनवाबनवी' हा स्वतःच रिमेक आहे. मूळ सिनेमा १९६६ सालचा हिंदी 'बीवी और मकान', दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. त्यातही डोक्यावर छप्पर हवं म्हणून मित्रांची टोळी दोघांना बायका बनवते. हृषीदांचा सिनेमा आज किती जणांनी पाहिलाय? आणि 'बनवाबनवी' किती जणांनी? सचिन पिळगावकरांनी ती गोष्ट पुण्यात आणली, आणि बॅचलरला खोली न देणारं पुणं त्या गोष्टीला असं काही चिकटलं की आज ती दुसरीकडे घडू शकेल असं वाटतच नाही. (खोली शोधत फिरलेल्या कोणालाही विचारा.)

हे एकच उदाहरण नाही. शांतारामबापूंचा 'पिंजरा' (१९७२) घ्या. त्याचं मूळ 'द ब्लू एंजल' ह्या १९३० सालच्या जर्मन सिनेमात आहे. तिथे प्रोफेसर आणि कॅबरेची गायिका, इथे गावचे गुरुजी आणि तमाशातली नर्तकी. पण बापूंनी पुढे जे केलं ते जर्मन सिनेमात नाही. गुरुजी मेले असं गाव समजतं, त्यांचा पुतळा उभारतं, आणि जिवंत गुरुजींवर स्वतःच्याच खुनाचा खटला चालतो. पुतळा वाचवायचा की माणूस, हा प्रश्न आपल्या मातीतला. 'मदर इंडिया' (१९५७) म्हणजे मेहबूब खान यांनी आपल्याच 'औरत' (१९४०) ह्या सिनेमाचा केलेला रिमेक. आणि आणखी मागे जायचं तर दादासाहेब फाळके! १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केला. आज जी रिळं उरली आहेत ती ह्या दुसऱ्या वेळची आहेत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे आपल्याकडचा पहिला सिनेमाच चार वर्षांत रिमेक झाला. तेव्हा कुणी मेसमध्ये बसून कायदा मागितला नसावा.

तेव्हा रिमेक करावा का, हा प्रश्न माझ्या मते चुकीच्या पद्धतीने विचारला जातो. आपण इंजिनिअरिंगवाले आहोत, तर आपल्याच भाषेत बोलू. ड्रॉइंगची शीट दोन प्रकारे तयार होते. एक म्हणजे स्वतः विचार करून काढलेली. दुसरी जीटी मारलेली. स्टाफमधल्या मंडळींसाठी (ज्यांना हे अर्थातच अजिबात माहीत नाही) खुलासा : काचेखाली ट्यूब लावायची, काचेवर टॉपरची शीट, त्यावर आपली कोरी शीट, आणि गिरवायला सुरुवात. ग्लास ट्रेसिंग ऊर्फ जीटी. रेषा अगदी बरोबर येतात. पण ओरलला सर एका तुटक रेषेवर बोट ठेवून विचारतात, "ही इथे का आहे?" आणि मग पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येतो.

सिनेमातली शुद्ध जीटी बघायची असेल तर गस व्हॅन सँटचा 'सायको' (१९९८) बघा. हिचकॉकच्या १९६० च्या 'सायको'तला जवळजवळ प्रत्येक शॉट त्याने तसाच घेतला, फक्त रंगीत. पटकथा तीच, पार्श्वसंगीतही मुळातलंच नव्याने वाजवलेलं. सगळं जागच्या जागी, आणि तरी भीती वाटत नाही. 'राम गोपाल वर्मा की आग' (२००७) हा ह्याच्या उलट प्रकार. तिथे जवळपास सगळं बदललं. 'शोले'तला जय, म्हणजे अमिताभ, इथे गब्बरच्या जागी बब्बन झाला. ठाकूरचे हात जायचे ते इथे बोटांवर भागलं. पण बदल का केला ह्याला उत्तर नाही. खरं तर 'शोले' (१९७५) हासुद्धा हवेतून पडलेला नाही. कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराय'चं (१९५४) त्याच्यावरचं ऋण सर्वांना ठाऊक आहे. पण सलीम-जावेदना ओरलला उभं केलं असतं तर त्यांनी प्रत्येक रेषेचं उत्तर दिलं असतं.

आता मला ज्याच्याबद्दल खरं बोलायचंय तिथे येतो. 'सैराट' (२०१६) आणि 'धडक' (२०१८). कोणी म्हणेल 'सैराट' कुठला क्लासिक, कालपरवाचा तर आहे. माझ्या दृष्टीने आहे. आपल्या पिढीने जो सिनेमा थिएटरात नाचत पाहिला आणि शेवटी एक शब्द न बोलता बाहेर आली, त्याला दुसरं काय म्हणायचं? 'सैराट'मध्ये परश्याचा बाप मासे धरतो आणि आर्चीचं आडनाव पाटील आहे. ह्या एवढ्या गोष्टीवर सगळी इमारत उभी आहे. वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या कानाखाली पाटलाचा पोरगा मारतो, तो प्रसंग आठवा. मारणारा विद्यार्थी आणि मार खाणारा शिक्षक, पण जात उलटी. घरी गेल्यावर बाप पोराला रागावत नाही, कौतुक करतो. शेवटी ते दोघे का मेले, ह्याचं उत्तर त्या प्रसंगातच देऊन ठेवलेलं आहे.

'धडक'ने गोष्ट उदयपूरला नेली. न्यायला हरकत काहीच नाही, 'बनवाबनवी'सुद्धा पुण्याला आलीच ना? राजस्थानात काय जात नाही? पण तिथे जात एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकली आणि पुढे आणला मुलीच्या बापाचा राजकारणातला मान. हवेली सुंदर, तलाव सुंदर, गाण्याची चालसुद्धा तीच. शेवटही बदलला. मुलगी वाचते, नवरा आणि मूल जातात. आता ओरलचा प्रश्न : हा मुलगा का मेला? 'धडक'चं उत्तर असं की एक बाप फार तापट होता. च्यायला, तापट बाप तर प्रत्येकाच्या घरी असतो! ड्रॉइंगमध्ये सगळ्या रेषा आल्या, फक्त भार पेलणारा कॉलम तेवढा गिरवायचा राहिला.

मला ह्याचा राग येतो त्याला कारण आहे. फर्स्ट इयरला होस्टेलमध्ये आल्यावर पहिल्या रात्री रूमवर जो पहिला प्रश्न विचारला जातो तो "ब्रँच कुठली" हा नसतो. "पूर्ण नाव काय?" हा असतो. नाव सांगितलं की "आडनाव?" आणि आडनाव ऐकल्यावर एक सेकंदाची शांतता. मग "गाव कुठलं" वगैरे. त्या एका सेकंदात काय हिशोब होतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. 'सैराट' त्या एका सेकंदाबद्दल आहे. तो सेकंद कापून जो रिमेक होतो तो आम्हाला नुसता कंटाळवाणा वाटत नाही, खोटा वाटतो.

ह्याउलट चांगला रिमेक मूळ सिनेमाशी भांडू शकतो. फरहान अख्तरच्या 'डॉन'ने (२००६) १९७८ चा 'डॉन' पाठ असलेल्यांनाच शेवटी मामा बनवलं. तुमची आठवण हेच त्याचं भांडवल. १९९० चा 'अग्निपथ' तेव्हा फारसा चालला नव्हता, २०१२ चा चालला. असो.

"पण रिमेकमुळे मूळ सिनेमा खराब होतो" हेही मला पटत नाही. 'आग' आली म्हणून 'शोले'ची एक फ्रेम खराब झाली का? सिनेमा खराब होतो तो डब्यात सडून. आपल्या पहिल्या बोलपटाची, 'आलम आरा'ची (१९३१), एकही प्रत आज उपलब्ध नाही. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून कितीतरी जुने सिनेमे गेले. ज्यांना क्लासिकची काळजी आहे त्यांनी रिमेकवाल्यांवर चिडण्यापेक्षा हे बघावं. २०२५ साली 'शोले' पूर्ववत करून इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला, तोही आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावलेल्या शेवटासह नव्हे, तर मुळात चित्रित केलेल्या शेवटासह. पन्नास वर्षांनी ठाकूरला त्याचा बदला मिळाला!

शेवटी, मला कोणी विचारलंच तर मी 'सिंहासन'चा (१९७९) रिमेक मागेन. जब्बार पटेलांचा सिनेमा, अरुण साधूंच्या कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा. त्याला कोणी हात लावायची हिंमत करत नाही आणि नेमका त्यालाच लावायला हवा, कारण त्याच्या खालची जमीन बदलली आहे. त्या वेळी पक्षांतरबंदी कायदाच नव्हता, तो १९८५ साली आला. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे फोनवर आमदारांची बेरीज करू शकत होते. आज त्यांना दोन-तृतीयांशचा हिशोब, विधानसभा अध्यक्ष आणि सुप्रीम कोर्ट हे सगळं धरून चालावं लागेल. २०२२ साली आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले ते आपण सगळ्यांनी मोबाईलवर लाइव्ह पाहिलं. तेव्हा बंद दाराआडचं नाटक आता कसं दाखवायचं? आणि निळूभाऊंचा दिगू टिपणीस, ज्याला सगळं कळतं पण छापता येत नाही, तो आज कुठे नोकरी करत असेल? चॅनेलवर? की नोकरी सोडून स्वतःचं यूट्यूब चालवत? शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. आजच्या दिगूने हसावं की नाही, ह्यावर परवा आमच्या विंगमध्ये रात्री दोनपर्यंत वाद झाला आणि निकाल लागला नाही, कारण वाद घालणाऱ्या सहापैकी चौघांनी मूळ सिनेमा पाहिलेलाच नव्हता. येत्या शनिवारी कॉमन रूममध्ये तो लावायचं ठरलंय. प्रोजेक्टर आहे, स्पीकर मेकॅनिकलवाले आणतील. चावी तेवढी रेक्टर सरांकडे आहे.