जेर-जबर येणाऱ्यांना काना-मात्राही येऊ द्या

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळ,
छत्रपती संभाजीनगर



आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला दर रमजानला कुराण खतम करतात. चष्मा नाकावर ओढून, ओळीखाली बोट फिरवत, एकही जेर, जबर, पेश न चुकवता. त्याच खाला बँकेत अंगठा पुढे करतात. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचायला नातू शाळेतून येईपर्यंत थांबतात. लहानपणी आपाकडे अरबी शिकल्या, मराठी शाळेत कुणी घातलंच नाही. ज्या नजरेला जेर-जबर कळतात तिला काना-मात्रा का कळणार नाहीत?

आईबापांचा मान राखा, ही सूरह बनी इस्राईलमधली ताकीद जुम्म्याच्या बयानात आपण नेहमी ऐकतो. पण मान म्हणजे पलंगावर बसवून ताट हातात देणं, एवढाच अर्थ आपण घेतला. कितीतरी सहाबा उतारवयात शिकले, हे इमाम बुखारींनी नोंदवलं आहे. बद्रच्या लढाईनंतर लिहिता येणाऱ्या कैद्यांची सुटका मदिनेतल्या मुलांना अक्षरं शिकवण्याच्या बदल्यात झाली. इल्मची एवढी किंमत मानणाऱ्या उम्मतीत साठी उलटलेल्या बाईला शिकायला जागा नसावी, याचं मला फार वाईट वाटतं.

जागा आपल्याकडे आहे. वक्फचे शादीखाने, मदरशांच्या खोल्या एरवी रिकाम्याच असतात. तिथे ज्येष्ठांचे वर्ग भरवा, असं मुतवल्लींना लेखी कळवा. केंद्राच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमाला १५ वर्षांपुढचा कुणीही चालतो आणि शिकवायला स्वयंसेवक असतात. मुरबाडजवळच्या फांगणे गावात २०१६मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिची माहिती घ्या.

ज्येष्ठांनी नुसतं शिकावं असं नाही, शिकवावंही. आपल्याच शहरात हिमरू विणण्यात हयात घालवलेले कारीगर आहेत. त्यांच्या हातातलं काम पोरांना कोण दाखवणार? आपलं कार्यालय ज्या पाणचक्कीच्या आवारात आहे, तिथलं जातं यात्रेकरूंसाठी आणि शिष्यांसाठी दळत असे. वक्फच्या जागेत शिकणाऱ्यांची सोय होणं ही काही नवी गोष्ट नाही.

बायकांसाठी वेगळी खोली असावी. बऱ्याच मशिदींत त्यांना जागा नसते, म्हणून शादीखानाच बरा. आणि वेळ असर ते मगरिब ठेवा. मगरिबनंतर घरोघरी चूल पेटते आणि अंधारात म्हाताऱ्या माणसांना गल्लीतून चालणं कठीण जातं.

आपली,
मोहल्ल्यातली एक शिक्षिका