आधी शिक्षक बोलता व्हावा

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवायला 2000 साली सुरुवात झाली. त्या वर्षी परभणी जिल्ह्यातल्या शाळांत पहिलीत बसलेली मुले आता तिशीत आहेत. त्यांतली काही स्वतः शिक्षक झाली आहेत. एक अख्खी पिढी दहा-दहा वर्षे इंग्रजी शिकली. तरीही पालम, सोनपेठ किंवा जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातला दहावीचा विद्यार्थी स्वतःच्या गावाबद्दल सलग चार वाक्ये इंग्रजीत बोलताना अडखळतो. याचे खापर मुलांवर फोडणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. प्रश्न इंग्रजीचा शिक्षक कसा घडतो, हा आहे.

शाळेतली भाषा बोलण्यासाठी नसून गुणांसाठी असते, हे राज्याने एकदा उघडपणे पाहिले आहे. 2019 मध्ये दहावीला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे 20 अंतर्गत गुण काढून टाकले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. घसरणीची इतरही कारणे सांगितली गेली, पण पुढच्याच वर्षी हे गुण परत आले. तोंडी परीक्षेचे गुण मिळतात, तोंड मात्र उघडत नाही, ही गोष्ट कोणत्याही शाळेत गेल्यास दिसते. शिक्षक इंग्रजी वाक्य वाचतो, लगेच मराठीत अर्थ सांगतो, फळ्यावर उत्तर लिहितो; मुले ते वहीत उतरवून घेतात. उरलेले काम गाईड करते. तासभर इंग्रजीचा तास होतो आणि त्यात मुलाच्या तोंडून इंग्रजीचे एक स्वतःचे वाक्यही निघत नाही.

हा शिक्षक कोणत्या वाटेने वर्गात पोहोचला, ते पाहिले पाहिजे. परभणीतला तरुण बी.ए. करतो, जमल्यास नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. करतो, मग सीईटी देऊन बी.एड.ला जातो. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड. महाविद्यालयात जायचे तर इंग्रजीची वेगळी कसोटी आहे. मराठी माध्यमाच्या महाविद्यालयात इंग्रजी ही अध्यापन पद्धती घेणाऱ्याला ही कसोटी द्यावी लागत नाही. शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आठवीपर्यंतच्या शिक्षकासाठी आहे, नववी-दहावीसाठी नाही. पुढची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी 200 गुणांची असते आणि तिच्या गुणांवर, पवित्र पोर्टलमार्फत, जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलाखतीशिवाय निवड होते. भरतीतल्या पैशांच्या बाजाराला आळा घालण्यासाठी ही पद्धत आवश्यकच होती आणि तिचे आम्ही समर्थन करतो. पण परिणाम असा, की जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला निघालेल्या उमेदवाराला वर्गासमोर इंग्रजी बोलता येते का, हे या सगळ्या प्रवासात कोणीच ऐकून पाहत नाही.

भरतीत हे तपासले जाणार नसेल, तर ती जबाबदारी पदव्युत्तर शिक्षणावर आणि बी.एड.वर येते. तिथेही चित्र समाधानकारक नाही. इंग्रजीचे एम.ए. म्हणजे मुख्यतः साहित्य. चॉसर, शेक्सपिअर, वर्ड्सवर्थ वाचावेतच. वाचणारा शिक्षक वर्ग समृद्ध करतो. पण भाषा कशी शिकली जाते, चुका का होतात, याचा अभ्यास बहुधा ऐच्छिक पेपरापुरता राहतो. मग बी.एड.मध्ये सूक्ष्म अध्यापन येते. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून बसलेले सहाध्यायी, ठरलेले प्रश्न आणि आधीच ठाऊक असलेली उत्तरे. पाठ टाचण जुन्या वहीवरून उतरवलेले. इंग्रजीची अध्यापन पद्धती अनेक ठिकाणी मराठीतूनच शिकवली जाते. सूक्ष्म अध्यापन ही मुळात चांगली पद्धत आहे. तिचा निव्वळ उपचार झाला, हे दुखणे आहे.

प्रशिक्षणाने शिक्षकाला काय मिळायला हवे, याचे साधे उदाहरण घेऊ. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. 'ए', 'ॲन', 'द' ही उपपदे मराठीत नाहीत. प्रश्न विचारताना 'डू' आणि 'डज' आधी आणावे लागतात, याला मराठीत जोड नाही. इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींसाठी आपण एकच 'व' वापरतो. परभणीच्या मुलांच्या बऱ्याच चुका या चार ठिकाणी सापडतील. ज्याला हे ठाऊक आहे तो मुलाला 'ढ' म्हणत नाही. चूक कुठून आली ते ओळखतो आणि नेमका सराव देतो. असा शिक्षक मुलाच्या मराठीला अडचण न मानता पायरी मानतो. हे ज्ञान पाठांतराने येत नाही, खऱ्या वर्गात, अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली येते.

म्हणून अंतरवासितेचा, म्हणजे प्रशिक्षणार्थ्याने शाळेत काढायच्या काळाचा, मुद्दा कळीचा आहे. न्या. जे. एस. वर्मा आयोगाच्या शिफारशींनंतर 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि 20 आठवडे शाळेत काढणे बंधनकारक झाले. आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाबरोबरच पदव्युत्तर पदवीधारकांसाठी एक वर्षाच्या बी.एड.चा मार्ग ठेवला आहे. एम.ए. झालेल्याचे वर्ष वाचेल, घरचा खर्च वाचेल; शेतकऱ्याच्या घरात याला मोल आहे. पण वर्ष कमी करताना शाळेतले आठवडे कापले गेले, तर उरेल ती फक्त पदवी. आजही अंतरवासिता जवळच्या शहरी शाळेत हजेरीपुरती उरकली जाते, ही तक्रार जुनी आहे.

चांगली मुले शिक्षकाच्या वाटेला का येत नाहीत, हेही शासनाने विचारले पाहिजे. 2012 मध्ये राज्यात शिक्षक भरती थांबली आणि पुढची कित्येक वर्षे बी.एड. झालेले तरुण वयोमर्यादेकडे सरकत राहिले. माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन 2023 मध्ये 8 हजारांवरून 18 हजार झाले, पण पूर्ण वेतनाआधी त्यावर तीन वर्षे काढावी लागतात. विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर राबणाऱ्याचे हाल याहून वाईट. इंग्रजी नीट येणाऱ्या तरुणाला पुण्याची कंपनी बोलावत असताना तो गंगाखेडच्या शाळेत का थांबेल, याचे उत्तर भरतीच्या नियमित वेळापत्रकात आहे.

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. इंग्रजी अध्यापन पद्धती घेणाऱ्या प्रत्येकाची प्रवेशानंतर तोंडी चाचणी घ्या. कच्चा असेल त्याला परत पाठवू नका, सहा महिने बोलण्या-वाचण्याचा वर्ग द्या. इंग्रजीची पद्धती इंग्रजीतूनच शिकवा. एम.ए.ला भाषाअध्यापनाचा पेपर अनिवार्य करा. अंतरवासिता तालुक्यांतल्या जिल्हा परिषद प्रशालांत ठेवा आणि प्रशिक्षणार्थ्याला सांभाळणाऱ्या शिक्षकाला मानधन द्या. 'चेस' या उपक्रमात राज्यातल्या माध्यमिक शाळांचे इंग्रजी शिक्षक छोट्या गटांत जमून आपल्याच तासांबद्दल इंग्रजीत चर्चा करत होते. तसे गट परभणीच्या नऊही तालुक्यांत कायमचे हवेत. ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्यात आणि अंबाजोगाईत शिक्षक होते. त्या विद्यापीठाने शिक्षक घडवण्याचे काम दुय्यम मानू नये.

खेड्यातल्या मुलाला शिकवणी परवडत नाही, इंग्रजी माध्यमाची शाळा त्याच्या आवाक्यात नाही. त्याला इंग्रजी मिळेल ती फक्त वर्गातल्या शिक्षकाकडून. येत्या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशापूर्वी विद्यापीठ, बी.एड. महाविद्यालये आणि जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग यांनी एकत्र बसून हे निर्णय घ्यावेत. परभणीच्या मुलांची आणखी एक पिढी यासाठी थांबू शकत नाही.